किरकोळ रजेचे कारण

सरकारी नोकराला वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात आणि त्या आठही तो घरगुती कामानिमित्त घेतो. असा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण पुस्तकातल्या नियमांपेक्षा तो जास्त कसोशीने पाळला जातो. मेहुणीचं लग्न, दाढदुखी, क्रिकेटचा सामना, बायकोशी झालेलं भांडण, भांडणानंतरची समजूत, सगळं त्या दोन शब्दांत मावतं. तलासरीतल्या एका सरकारी कार्यालयात (कुठल्या ते विचारू नका, तिथल्या लोकांना अजून नोकऱ्या करायच्यात) शैलेश चुरी आस्थापनेच्या टेबलावर बसायचा आणि गेली अकरा वर्षं हे अर्ज फायलीला लावायचा. दुसरा कुणी असता तर अर्ज लावून चहाला गेला असता. शैलेशला मात्र प्रत्येक अर्ज हातात घेतला की प्रश्न पडायचा, हा माणूस त्या दिवशी खरोखर काय करत असेल?

असे प्रश्न पडणं हाच त्याचा आजार होता. कुणी हाताने काही काम करताना दिसला की शैलेशचे पाय तिथेच रुतायचे. छत्रीच्या काड्या बसवणारा, भांड्यांना कल्हई लावणारा, बोअरवेलचा पंप वर ओढणारी टोळी, कुणीही चालायचं. डहाणू रोडला राहत्या घरातून दूध आणायला निघालेला हा गृहस्थ दीड तासाने परत यायचा तो दुधाशिवाय, पण गॅसची शेगडी कशी साफ करतात याची सविस्तर माहिती घेऊन. आणि नुसती माहिती घेऊन त्याचं भागत नसे. छत्रीवाला पाहिला की त्याला वाटायचं, आपण छत्रीवालेच व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कल्हईवाला दिसेपर्यंत हे मत कायम असायचं.

त्याचे वडील काशीनाथ चुरी डहाणू रोड स्टेशनच्या केबिनमध्ये छत्तीस वर्षं सिग्नलचे खटके ओढून निवृत्त झाले होते. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, एका जागी बसणारी आणि वाया गेलेली. मुलाकडे बघून ते दिवसातून एकदा तरी म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या." सून मुक्ता प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती या म्हणीचा चौथीच्या वर्गात वाक्यात उपयोग करून दाखवताना नवऱ्याचं उदाहरण द्यायची, अर्थात नाव न घेता.

जानेवारी २०१५ मध्ये नवीन वर्षाच्या रजा नोंदवहीला पट्टीने रेघा आखता आखता शैलेशच्या डोक्यात ती कल्पना आली. आपलं वय चौतीस. निवृत्ती अठ्ठावन्नाला. म्हणजे चोवीस वर्षं. वर्षाला आठ किरकोळ रजा. चोवीस आठे एकशे ब्याण्णव. नोकरी न सोडता माणूस एकशे ब्याण्णव धंदे करून बघू शकतो, फक्त एकेक दिवस. हा हिशोब त्याने तीनदा तपासला. एवढी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"एकशे ब्याण्णव?" मुक्ता म्हणाली. "आणि आमच्या वाट्याला एकही रजा नाही?"

"रविवार आहेत ना."

"रविवारी तुम्ही पंपवाल्यांच्या टोळीजवळ उभे असता."

शेजारचे नविनभाई किराणा दुकानाचे मालक. त्यांच्या दुकानातून पाव किलो रवा घेतला तरी सल्ला वर मिळायचा. "शैलेशभाई, मानसाने एक दुकान टाकायचा ने तिथे बसून राहायचा," ते म्हणाले. "गिऱ्हाईक आपोआप येते. तुमी तर सगळ्या दुनियेचे गिऱ्हाईक बनून फिरता." शैलेशने त्यांना विचारलं, की रव्यात किडे झाले आहेत हे पोतं न उघडता कसं कळतं. त्यावर नविनभाई पाऊण तास बोलले आणि सल्ला द्यायचं विसरून गेले.

आता खरी चूक कुठे झाली ते सांगतो. फेब्रुवारीत पहिल्या रजेचा अर्ज लिहिताना शैलेश 'रजेचे कारण' या रकान्यापाशी थांबला. समोरच्या टेबलावरचा प्रविण हा त्याचा ऑफिसातला मित्र. नियमांचा किडा.

"लिही, घरगुती कामानिमित्त," प्रविण म्हणाला.

"पण मी तर ताडी काढायला चाललोय सायवनला. ते घरगुती कसं?"

"तुझी ताडी कुणी विचारलीय?"

"रकाना विचारतोय."

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या थापा टाचणीने टोचून टोचून शैलेशच्या मनात त्या दोन शब्दांबद्दल तिटकारा साठला होता. निदान आपल्या हातचा एक तरी अर्ज खरा असावा, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, 'ताडी काढणे, एक दिवस.' साहेबांनी तो अर्ज न वाचता सही करून परत पाठवला. प्रविणने कपाळाला हात लावला.

सायवनचा हाल्या तीस वर्षं ताडी काढत होता. त्याच्याकडे परवाना होता. शैलेशने तो आधी मागून घेऊन पूर्ण वाचला, अगदी मागच्या बाजूच्या अटींसकट, तेव्हाच हाल्या थोडा काळजीत पडला. पण त्याने सगळं शिकवलं. पायात दोराचा वेढा कसा अडकवायचा, कोयत्याला धार कशी लावायची, ताडाच्या फुलोऱ्याचं टोक रोज कागदाएवढं पातळ कसं कापायचं. एक दिवस चुकला तर झाड रुसतं, तो म्हणाला. शैलेश दोन माणूस उंच चढला. तिथे त्याने खाली पाहिलं आणि झाडाला मिठी मारली. मग भीती कळू नये म्हणून तो प्रश्न विचारू लागला. पहिल्यांदा ताडावर चढायचं कुणाला सुचलं असेल? मडकं वर बांधायच्या आधी लोक काय बांधत? तासाभराने चार माणसांनी त्याला उतरवला. त्यात एक मडकं फुटलं. घरी येऊन मुक्ताला तो म्हणाला, "काय काम आहे गं! रोज एक पापुद्रा. एक दिवस चुकला तर झाड रुसतं." त्याच्या दोन्ही मांड्या सोलून निघाल्या होत्या आणि चेहरा उजळला होता.

मार्चमध्ये 'इस्त्री करणे, एक दिवस.' तुक्याच्या टपरीत कोळशाच्या इस्त्रीने त्याने नविनभाईंचा सफारी जाळला. जळाला तो केवळ कुतूहलापोटी, कारण कापडाला नेमका कधी चटका बसतो हे त्याला पाहायचं होतं. एप्रिलमध्ये 'मासेमारी, एक दिवस.' त्याबद्दल एवढंच सांगता येईल की समुद्र त्याने पाहिला, पण फार जवळून पाहिला आणि बहुतेक वेळ ओणव्याने. मधल्या दोन रजा तापात आणि मुक्ताच्या चुलतबहिणीच्या लग्नात गेल्या. त्या दोन अर्जांवर मात्र त्याने 'घरगुती' असंच लिहिलं, कारण ते खरं होतं.

ऑक्टोबरात तो बोर्डीला चिकूच्या वखारीत गेला. तिथे सोनीबाईचं राज्य होतं. बागांमधून चिकू टोपल्यांनी येतो, टाकीत धुतला जातो, अंगावरची भुकटी घासून काढली जाते, आणि मग दहा-बारा बायका गोल बसून त्याची निवड करतात. हा मुंबईला, हा दिल्लीला. मुंबईचा उद्या पिकला पाहिजे, दिल्लीचा पाच दिवस दम धरून राहिला पाहिजे. एक जरी लवकर पिकणारं फळ दिल्लीच्या खोक्यात गेलं तर सगळा खोका नासतो. आणि दिसायला दोन्ही अगदी सारखे.

"कसं ओळखायचं, सोनीबाई?" शैलेशने विचारलं.

सोनीबाई पंचावन्नची असावी. तिने एक चिकू त्याच्या तळव्यावर ठेवला. "दाबू नको. नुसता धर."

त्याने धरला. काही कळलं नाही. दुसरा धरला. मग पन्नासावा, मग शंभरावा. दुपारी जेवणाच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ एकही प्रश्न विचारलेला नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. हात आपोआप डावी-उजवीकडे जात होते. सोनीबाई इतर बायकांना सारखी टोकत होती, हिला ओरड, तिला समजाव. शैलेशशी मात्र ती त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. त्याच्यापुढचा ढीग संपला की पायाने दुसरी टोपली पुढे ढकलायची, बस. संध्याकाळी तिने मजुरी पुढे केली. सरकारी नोकराला घेता येत नाही म्हणून त्याने नाकारली. मग तिने टोपलीभर चिकू हातात दिले. चिकूबद्दल नियमात काही आठवेना, म्हणून ते त्याने घेतले.

त्या रात्री जेवताना तो मुक्ताला म्हणाला, "मला ते जमलं की नाही, तेच कळलं नाही."

"विचारायचं होतं."

"ती बोललीच नाही. जमत नसतं तर ओरडली असती ना? की साहेब म्हणून गप्प बसली असेल?"

हा प्रश्न त्याच्या डोक्यात असा बसला, की नोव्हेंबरात त्याने आपली सगळी योजना मोडली. एकशे ब्याण्णवांतला एक धंदा सोडून देऊन तो त्याच वखारीत दुसऱ्यांदा गेला. सोनीबाई दुसऱ्या खेपेलाही बोलली नाही. ढीग मात्र दीडपट झाला होता.

डिसेंबरात उरलेली शेवटची रजा त्याने पांड्या मास्तरच्या बँडला दिली. अर्जात लिहिलं, 'झांज वाजविणे, एक दिवस.' साहेबांनी त्यावरही न वाचता सही केली, कारण त्यांना स्वतःला त्या दिवशी घाई होती. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, बोर्डीला. पांड्या मास्तरने ही वरात कुणाची ते सांगितलं नव्हतं आणि शैलेशने, ज्याने जगातला प्रत्येक प्रश्न विचारला, नेमका हाच विचारला नव्हता.

लाल कोट, सोनेरी झालरी आणि एक माप मोठी टोपी घालून शैलेश ढोलाच्या मागे चालत होता. त्याचं सगळं लक्ष ट्रॉम्बोनच्या नळीकडे होतं, ती पुढे गेली की सूर खाली का जातो हे बघण्यात. वरातीत नागिणीची धून सुरू झाली. एक गृहस्थ रुमालाचं टोक दातांत धरून, गुडघ्यांवर बसून, जमिनीवर डोलत डोलत थेट झांजवाल्यापुढे आले. त्यांनी मान वर केली. शैलेशने मान खाली केली. ते साहेब होते.

अकरा वर्षांची सवय. साहेब दिसले की शैलेशचे हात आपोआप जुळत. ते तसेच जुळले, झांजांसकट, साहेबांच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर.

"नमस्कार साहेब," तो म्हणाला. पण ते साहेबांना बहुधा ऐकू आलं नाही.

सोमवारी साहेबांनी शैलेशची रजेची फाईल मागवली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातले अर्ज वाचले. दुपारी कारणे दाखवा नोटीस निघाली. शासकीय सेवेत असताना परवानगीविना अन्य व्यवसाय केल्याचे पाच आरोप: ताडी, इस्त्री, मासेमारी, चिकू, बँड. पुरावा म्हणून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले सहा अर्ज जोडले होते. नागिणीचा उल्लेख नव्हता.

घरी त्याने हे मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, "सिद्ध झालं तर काय होईल?"

"पगारवाढ थांबेल. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली होईल. साहेबांच्या कानावर अवलंबून आहे."

ती हसली नाही. तिला बदली म्हणजे काय ते ठाऊक होतं. आठवड्यातून एकदा दिसणारा नवरा, सासऱ्यांची बीपीची औषधं, सगळं एकटीने. शैलेशला त्या रात्री पहिल्यांदा आपल्या योजनेची लाज वाटली. खरं लिहिण्यात त्याला जो अभिमान वाटला होता, त्याची किंमत मुक्ता मोजणार होती.

नवा पालघर जिल्हा होऊन दीडएक वर्षच झालं होतं. त्यामुळे ही फाईल ठाण्याला जायची की पालघरला, याबद्दल दोन्हीकडे प्रामाणिक मतभेद होते. ती आधी ठाण्याला गेली, तिथून पालघरला, तिथून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुन्हा तलासरीला, आणि नोंदीनुसार ती शैलेशच्याच टेबलावर आली. त्याने ती नियमाप्रमाणे आवक करून पुढे पाठवली. आरोपीने स्वतःविरुद्धची फाईल एका दिवसात निकाली काढल्याची नोंद कार्यालयात दुसरी नसावी.

प्रविण बचाव सहाय्यक झाला. त्याने तीन दिवस नियम वाचले आणि चौथ्या दिवशी चमकत्या डोळ्यांनी शैलेशच्या घरी आला. "सापडलं. नियमात व्यवसाय करायला बंदी आहे. एखादी गोष्ट न जमण्याला बंदी नाही. तुला यातलं काहीही जमलं नाही, असं सिद्ध करायचं. जो धंदा जमलाच नाही, तो केला कसा म्हणणार?"

"पण मग..."

"नोकरी पाहिजे की अब्रू?"

शैलेशने मुक्ताकडे पाहिलं आणि नोकरी पाहिजे म्हणाला.

मग नालायकीचे दाखले गोळा करणं सुरू झालं. माणूस आपल्याविषयी चांगलं लिहून आणायला फिरतो तेव्हा त्याला लोक ताटकळत ठेवतात. इथे मात्र प्रत्येकाने हातातलं काम टाकून लिहून दिलं. होडीच्या मालकाने लिहिलं, 'सदर गृहस्थ निघाल्यापासून परत येईपर्यंत होडीच्या काठावर ओणवे होते.' तुक्याने जळका सफारीच पाठवून दिला. पांड्या मास्तरने बाजाचं चित्र असलेल्या छापील कागदावर लिहिलं, 'सदर इसम तालात नाही व पुढेही येण्याची शक्यता वाटत नाही.' हे शेवटचं 'पुढेही' शैलेशच्या जिव्हारी लागलं. प्रविण मात्र त्याखाली लाल रेघ मारून खूश झाला. सोनीबाईने तेवढा कागदावर अंगठा उठवायला नकार दिला. म्हणाली, कागद नको, मी येऊन सांगेन.

"मीही येतो," काशीनाथराव म्हणाले. "इतकी वर्षं घरात सांगत होतो ते आता सरकारदरबारी सिद्ध होतंय. बघायला नको?"

एप्रिल २०१६ मध्ये कार्यालयाच्या सभागृहात चौकशी झाली. चौकशी अधिकारी पालघरहून आल्या होत्या, निर्मला मॅडम. निवृत्तीला चार महिने राहिलेले, चष्मा साखळीला, आणि सवय अशी की उत्तर पूर्ण होईपर्यंत पेन खाली ठेवायचं. साहेब त्या दिवशी रजेवर होते. कारण विचारायची माझी हिंमत नाही.

पहिला हाल्या आला. "सायेब दोन माणूस उंच चढले. मग वरून इचारत बसले. म्या खालून उत्तर देत बसलो. त्या दिवशी माझी चार झाडं ऱ्हायली."

"म्हणजे त्यांनी काम केलं असं म्हणता येईल का?" मॅडमनी विचारलं.

"काम तर आमी केलं बाई. त्यांना उतरवायचं."

सभागृहात हशा पिकला. मागच्या बाकावर काशीनाथरावांनी मान डोलावली. तुक्याने सफारी दाखवला, मॅडमनी जळक्या भोकातून बोट घालून पाहिलं आणि 'निशाणी अ' असं लिहून घेतलं. होडीच्या मालकाचा दाखला वाचला गेला. पांड्या मास्तरने, कुणी मागणी केली नसताना, शैलेश झांज कशी वाजवत होता ते तोंडाने वाजवून दाखवलं. प्रत्येक साक्षीसरशी प्रविण टेबलाखालून शैलेशच्या गुडघ्यावर थाप मारत होता. चार आरोप गळून पडले होते. शैलेश खाली मान घालून बसला होता. आपण वाचतोय हे त्याला कळत होतं, आणि वाचताना इतकं वाईट वाटू शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग सोनीबाई आली. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"हे तुमच्याकडे दोन दिवस होते. यांना काम जमलं का?"

"जमलं ना," सोनीबाई म्हणाली.

प्रविणची थाप अर्ध्यावर थांबली.

"म्हणजे थोडंफार?" मॅडमनी पेन उचललं.

"थोडंफार नाय. दुपारपातूर हात बसला. माझ्या बायांना दोन-दोन वरसं लागतात. दोन दिवसांत याने दिल्लीचे जेवढे खोके भरले, त्यातला एक पण परत नाय आला. म्या परत येणाऱ्या खोक्यावर नाव इचारून घेते, म्हणून सांगते."

"मजुरी घेतली?"

"नाय घेतली. म्या टोपलीभर चिकू दिले. ते घेतले."

मॅडमनी 'मोबदला: वस्तुरूपात' असं लिहिलं. प्रविणने घाईघाईने एक चिठ्ठी लिहून शैलेशपुढे सरकवली. त्यावर लिहिलं होतं: विचार, ती गोल बसलेल्या दहा बायकांत तुझे खोके कसे ओळखते? आठवत नसेल म्हण. गोंधळेल.

"अपचारी कर्मचाऱ्याला साक्षीदाराची उलटतपासणी करायची आहे का?"

शैलेश उभा राहिला. चिठ्ठी त्याच्या हातात होती. मुक्ताचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. प्रश्न चांगला होता, सोनीबाई खरोखर गोंधळली असती. त्याने एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"सोनीबाई," तो म्हणाला, "दाबू नको म्हणालात, त्यानंतर दोन्ही दिवस तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलला नाहीत. का?"

सोनीबाईला हा प्रश्न विचारण्यासारखा वाटलाच नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काम बरोबर चाललंय त्याच्याशी कोण बोलतं? हात थांबतो त्याचा."

मॅडमनी विचारलं, आणखी काही प्रश्न? तो नाही म्हणाला. आणि ज्याला सगळं जग प्रश्नांसाठी ओळखत होतं त्याच्याकडे खरोखरच एकही उरला नव्हता. मॅडमनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. "चुरी, ही साक्ष नोंदवली तर तुमच्याविरुद्ध जाते, हे कळतंय ना? वाचून बघा. हरकत घ्यायची तर आत्ता घ्या."

शैलेशने टंकलिखित कागद वाचला. 'कर्मचारी सदर कामात कुशल असून साक्षीदाराच्या अनुभवात इतक्या अल्पावधीत अन्य कोणासही असे काम साधलेले नाही.' त्याने खाली सही केली, आणि ती पुसट उठली म्हणून दुसऱ्यांदा, जास्त स्पष्ट केली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. एक आरोप सिद्ध झाला. वर्षभरासाठी बदली झाली, खरोखरच दुसऱ्या टोकाला. मुक्ता आठवडाभर रागावली, मग बदलीच्या गावी जाताना डबा भरून देताना म्हणाली, "तिथे कुणाला काही करताना बघाल ते सगळं शनिवारी येऊन मला सांगायचं. माझीही वर्षभर करमणूक व्हायला हवी." एवढ्यावर ते मिटलं.

पण सांगायचं होतं ते त्याच दिवशीच्या परतीच्या एसटीतलं. बापलेक शेजारी बसले होते. तलासरीपासून निम्मा रस्ता शैलेश 'एक ना धड' ही म्हण ऐकायची तयारी करून बसला होता.

"ती बाई बोलली," काशीनाथराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते सगळं कागदावर आलं?"

"आलं."

"जसंच्या तसं? कुशल वगैरे?"

"हो बाबा."

"मॅडमची सही, शिक्का?"

"दोन्ही आहे."

एक वळण गेलं, मग दुसरं.

"छत्तीस वर्षं एक गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही माझ्या हातून," ते म्हणाले. "कुणी लिहून नाही दिलं." मग घसा खाकरून नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "त्या कागदाची नक्कल मिळते का?"

"अर्ज केला तर मिळते."

"मग उद्याच कर अर्ज. दोन प्रती माग."